सोडून दिलेल्या माशाबद्दल

नमस्कार,

उत्तर स्वीडनमधल्या विंदेल नदीवर ग्रेलिंग नावाचा मासा गरवण्याबद्दलच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, “मासा खायचा असेल तर खा. गरीला लावायचा, फोटो काढायचा आणि परत पाण्यात सोडायचा, हा छळ आहे. त्याला संवर्धन म्हणणं हे ढोंग.” दोन दिवस हेच डोक्यात घोळत होतं, म्हणून सविस्तर लिहितो.

छळाबद्दल तुमचं बरोबर आहे. लहानपणी कोकणात गरवायला जायचो तेव्हा माशाला दुखत नाही असं आम्ही धरूनच चालायचो. २००३ साली स्कॉटलंडमधल्या संशोधकांनी रेनबो ट्राउट या माशाच्या डोक्यावर आणि तोंडाभोवती वेदना टिपणारे चेतातंतू दाखवून दिले. जर्मनी आणि स्वित्झर्लंडमध्ये तर सोडून देण्याच्याच इराद्याने मासे धरणं कायद्याला मंजूर नाही. तेव्हा त्याला काही कळत नाही, असं मी म्हणणार नाही.

पण मी नदीवर जातो ते खायलाच. मग सोडतो का? इथल्या बऱ्याच पाण्यांत मासेमारीच्या कार्डावर, म्हणजे विकत घ्यायच्या परवान्यावर, धरायच्या माशाची कमीत कमी लांबी दिलेली असते, काही ठिकाणी जास्तीत जास्तही. आखूड ग्रेलिंगने अजून एकदाही अंडी घातलेली नसतात आणि लांब मादीच्या पोटात सगळ्यात जास्त अंडी असतात. गरीवरच्या कृत्रिम माशीला कोण येणार हे माझ्या हातात नसतं. मधल्या मापाचा आला तर घरी येतो, बाकीचे सोडावेच लागतात.

हा नियम ग्रेलिंगच्या स्वभावामुळे फार गरजेचा आहे. ट्राउट एकदा बिचकला की दगडाखाली जातो तो जातोच. ग्रेलिंग तळाशी थव्याने उभा असतो, वरून वाहत जाणारा किडा दिसला की सरळ वर येतो आणि नेम चुकला तर पुन्हा येतो, तिसऱ्यांदाही येतो. तोंड लहान, खालच्या बाजूला, त्यामुळे नेम चुकतोही बऱ्याचदा. चार माणसांनी मनावर घेतलं तर नदीचा एखादा पट्टा आठवड्यात रिकामा करतील. आणि इतक्या उत्तरेला, जिथे जवळजवळ अर्धं वर्ष नदीवर बर्फ असतो, तिथे मासा फार सावकाश वाढतो. रिकामा झालेला पट्टा पुढच्या उन्हाळ्यात भरून येत नाही.

‘संवर्धन’ हा शब्द मात्र मी मागे घेतो. या नदीचं संवर्धन दुसऱ्यांनी केलंय. विंदेलमधून १९७६ पर्यंत लाकडाचे ओंडके वाहून नेत. ते अडकू नयेत म्हणून पात्रातले मोठे दगड सुरुंगाने फोडले, काठावर ओढून टाकले, बाजूचे फाटे बंद केले. पाणी सरळ आणि जोरात धावू लागलं. माशाला दगडाआड उभं राहायला जागा उरली नाही, अंडी घालायची बारीक खडी वाहून गेली. १९९३ मध्ये टोर्ने, कालिक्स, पिते आणि विंदेल या राष्ट्रीय नद्या ठरल्या आणि नव्या जलविद्युत प्रकल्पांपासून वाचल्या. पुढे विंदेलच्या उपनद्यांत यंत्रं लावून काठावरचे तेच दगड परत पात्रात नेऊन ठेवले गेले. एका उपनदीकाठी शेवाळलेल्या दगडांच्या रांगेपाशी मी बराच वेळ उभा होतो. वाहत्या पाण्यातला दगड किती जीव सांभाळतो, ते मला तिथे कळलं. त्यापुढे माझं कार्ड विकत घेणं म्हणजे काहीच नाही.

आता लेखातला फोटो. तिथे मी खरंच चुकलो. लोकरीच्या कोरड्या हातमोज्यात मासा धरलाय, आणि तोही पाण्याबाहेर उंच. पाठीवरचा तो शिडासारखा पर उलगडलेला दाखवायचा मोह झाला. कोरड्या लोकरीने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे बुरशी धरते. हात ओले हवेत, मासा पाण्यातच हवा, गळाला उलटा काटा नको. हे सगळं मला माहीत होतं, तरी केलं. फोटो काल काढून टाकला.

तुम्ही शेवटी विचारलंत, चव कशी असते? ताज्या ग्रेलिंगला थायम या वनस्पतीसारखा हलका वास येतो, त्याचं शास्त्रीय नावही त्यावरूनच पडलंय. थायममधलं थायमॉल आपल्या ओव्यातही असतं. म्हणून मी मीठ, लोणी आणि चिमूटभर चुरडलेला ओवा, एवढंच लावतो.