पेट्या रंगवायला घ्या

फौजी नवऱ्याची बदली लवकर यावी अशी मनापासून इच्छा असेल, तर क्वार्टरच्या मागच्या अंगणात शेवगा लावा. नवे पडदे शिवून घेतले तरी चालतं, पण शेवगा खात्रीचा. पहिल्या शेंगा धरल्या की पोस्टिंग ऑर्डर आलीच म्हणून समजा. आमटी तुमच्यानंतर त्या क्वार्टरमध्ये येणारी वहिनी करते.

समजा, ऑर्डर देवळालीहून बिन्नागुडीची आहे. घरी फक्त 'बंगाल' सांगा. सासूबाई "कोलकाता का? छान!" म्हणतील आणि फोन आनंदात संपेल. कोलकाता तिथून रात्रभराच्या रेल्वेप्रवासावर आणि भूतान त्याहून कितीतरी जवळ, हे त्या राहायला येतील तेव्हा कळेलच. छावणीत हत्ती शिरतात, तेही तेव्हाच.

आता दिवाण मोडा. गादी उचला, चादर काढा, खाली पेट्या सापडतील. फौजी घरात पाहुण्यांना ज्यावर बसवतात ते बहुधा सामान असतं. पेट्यांना काळा रंग द्या आणि वर पांढऱ्या अक्षरांत नंबर, रँक, नाव, कुठून कुठे. जुनं खरवडत बसू नका. हवालदारावर नायब सुभेदार चढू द्या, जोधपूरवर देवळाली. प्रत्येक पेटीत काय आहे याची वहीत नोंद करा आणि ती वही कुठल्या तरी पेटीत ठेवा. कुकर कितीही हाताशी ठेवला तरी ट्रकमधून शेवटीच उतरणार, त्यावर उपाय नाही.

मुलांची चिंता सरकारने आधीच केली आहे. बदल्या होणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी १९६३ पासून केंद्रीय विद्यालयं आहेत. नव्याने प्रवेश घेताना मागच्या ७ वर्षांत पालकांच्या किती बदल्या झाल्या तेही मोजतात. जास्त बदल्या, वरचा क्रम. तेव्हा एखादी बदली कमी पडत असेल तर आताच सोय बघा. मूल मराठी बोलतं, लिहीत नाही. थोडी पंजाबी, बरीच हिंदी. "तू कुठला?" असं कुणी विचारलं तर '५६ एपीओ' सांगायला शिकवा. फौजी टपालाच्या त्या पत्त्यावर पत्र पोचतं, गाव मात्र नकाशात सापडत नाही.

तुमची नोकरी? हो, तीही. बी.एड. केलंत हे उत्तम, शिक्षिका सगळीकडे लागतात. अर्जात अनुभव लिहिताना शाळांची यादी लांबलचक दिसेल आणि समोरचे विचारतील, "इथे किती दिवस?" तेव्हा हसा. खरं उत्तर त्यांनाही ठाऊक असतं, म्हणून तर नेमणूक कंत्राटी असते. कायम नोकरी, बढती, पेन्शन या गोष्टी एका घरात एकाच माणसाला पुरतात. "वहिनींमुळेच साहेब निश्चिंत असतात," असं निरोपाच्या जेवणात कुणीतरी बोलेल. ते टाळ्यांसकट ऐकून घ्या. प्रॉव्हिडंट फंडात मात्र भरता येत नाही.

क्वार्टर सोडताना मार्चिंग आउट होतं. पंखे, बल्ब, टेबल, खुर्च्या, नळाच्या तोट्या, सगळं यादीशी ताडून बघतात. काच तडकली असेल तर तुम्ही येण्याआधीच तडकलेली होती असं ठामपणे सांगा, आणि येतानाच तसं लिहून घेतलं नसेल तर मुकाट्याने पैसे भरा. शेवगा यादीत नसतो. लावल्याबद्दल काही मिळत नाही, तोडल्यास मात्र चौकशी होईल.

आणि ऑर्डर फील्डची, म्हणजे कुटुंब नेता येत नाही अशा ठिकाणची असेल तर एवढं काहीच करू नका. ते एकटे जातात, पेट्या आणि तुम्ही मागे राहता. वडीलधारे म्हणतील, "आता गावीच या ना, रिकाम्याच आहात." मुलाची दहावी, कंत्राटी नोकरी, गॅसचा नंबर, तापाने फणफणलेली धाकटी आणि रेंज आली की रात्री कधीतरी येणारा त्यांचा फोन एवढंच काय ते सांभाळायचं असतं. फोनवर "सगळं ठीक" म्हणा. तेही तिकडून तेच म्हणतील.