जॉनच्या बाजूने: एका शिक्षिकेच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

'आय ॲम नॉट अ सिरियल किलर' या सिनेमावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंत ते चार दिवस डोक्यात घोळतंय, म्हणून सविस्तर उत्तर देतोय. तुम्ही नववीला शिकवता. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: एकलकोंड्या, भावना न कळणाऱ्या मुलाला खुनाशी जोडणारे सिनेमे अशा मुलांवर आणखी एक शिक्का मारतात. हा सिनेमाही तेच करतो. वर शेवटी राक्षस आणून दिग्दर्शक अवघड प्रश्नातून अंग काढून घेतो. आणि मी लेखात त्या मुलाला 'सायको पोरगा' म्हणून त्यात भर घातली.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण तिथे वाद घालण्यासारखं काही नाही. तो शब्द चुकीचा होता. ज्या सिनेमाचं नावच 'मी तो नाही' असं सांगतं, त्यावर लिहिताना मी नेमका तोच शिक्का उचलला. लेखातून तो काढला आहे.

बाकीचं मात्र मला मान्य नाही. आता शेवटही उघड करावा लागेल, तेव्हा ज्यांना सिनेमा पाहायचा आहे त्यांनी इथेच थांबावं.

जॉन वेन क्लीव्हर हा अमेरिकेतल्या एका छोट्या, बर्फाळ गावातला शाळकरी मुलगा. आई फ्युनरल होम चालवते, म्हणजे मृतदेह अंत्यविधीसाठी तयार करण्याचा धंदा. घर आणि धंदा एकाच छताखाली, आणि मृतदेहांच्या कामात जॉन तिला हाताशी असतो. त्याला माणसांबद्दल फारसं काही वाटत नाही आणि आपल्याला ते वाटत नाही हे त्याला पक्कं ठाऊक आहे. सिरियल किलरांबद्दल त्याने इतकं वाचलंय की आपणही त्याच वाटेवर आहोत अशी त्याला धास्ती आहे. म्हणून त्याने स्वतःला नियम घालून घेतलेत. मग गावात खरोखरच खून पडायला लागतात.

तुम्ही लिहिलंत की सिनेमा 'लक्षणं दाखवून मुलाला गुन्हेगार ठरवतो'. मला वाटतं तो उलट त्या लक्षणांच्या यादीशीच भांडतो. डॅन वेल्सच्या ज्या कादंबरीवर (२००९) तो बेतलाय, तिच्यात जॉन तीन खुणा स्वतःला लावून पाहतो: मोठ्या वयापर्यंत अंथरूण ओलं करणं, आगी लावणं, प्राण्यांचा छळ. हे त्रिकूट मॅकडोनाल्ड नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने १९६३ साली मांडलं. त्याने पाहिलेले शंभर रुग्ण हे कुणाला तरी जिवे मारण्याची धमकी दिलेले लोक होते. धमकी दिलेले, ताई. तेवढ्यावरून पुढे लोकांनी भावी खुनी ओळखण्याची जणू फूटपट्टीच बनवली. नंतरच्या अभ्यासांत तिला भक्कम आधार मिळाला नाही, आणि अंथरूण ओलं होण्यामागे तर बहुतेक वेळा शरीराची सावकाश होणारी वाढ आणि गाढ झोप असते. तरीही ती यादी गुन्ह्यांच्या मालिकांमधून फिरत राहिली. पंधरा वर्षांच्या मुलाने ती वाचली आणि स्वतःचं भविष्य म्हणून मनावर घेतली, इथून ही गोष्ट सुरू होते. नावाचंही तसंच. 'जॉन वेन' या नावात त्याला जॉन वेन गेसी हा अमेरिकेतला सिरियल किलर दिसतो आणि 'क्लीव्हर' म्हणजे तर खाटकाचा सुराच.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: जॉनला सिनेमात 'सोशिओपॅथ' (इतरांच्या भावनांची पर्वा नसलेला) हा जो शब्द चिकटतो, तो कुठलाही जबाबदार डॉक्टर त्याच्या वयाच्या मुलाला निदान म्हणून लावत नाही. त्या शब्दाच्या जागी डॉक्टर जे निदान वापरतात, त्या समाजविघातक व्यक्तिमत्त्व विकाराचं निदान अठरा वर्षांच्या आत करायचंच नाही, असं अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या डीएसएम-५ या निदानपुस्तिकेत स्पष्ट आहे. त्या वयातलं वागणं पुढे बदलू शकतं हे त्यात गृहीत धरलंय. इथे सिनेमा सैल आहे, आणि तुमची तक्रार एवढ्यापुरती असती तर मी मान डोलावली असती.

पण हॅलोविनच्या नाचाच्या रात्रीचा प्रसंग आठवा. शाळेतला दांडगट मुलगा जॉनला डिवचत राहतो. जॉन आवाज न चढवता त्याला सांगतो की मला माणसं पुठ्ठ्याच्या खोक्यासारखी दिसतात, बाहेरून कंटाळवाणी, पण फाडून पाहिलं तर आत काहीतरी असू शकतं. म्हणून मी एक नियम केलाय: कुणाला इजा करावीशी वाटली की हसायचं आणि त्याच्याबद्दल काहीतरी चांगलं बोलायचं. आणि तो हसून खरंच काहीतरी चांगलं बोलतो. थिएटरमध्ये लोक हसतात, मीही पहिल्यांदा हसलो होतो. दुसऱ्यांदा पाहताना मॅक्स रेकॉर्ड्सचा चेहरा नीट पाहिला. त्या हसण्यामागे किती कष्ट आहेत! आपण चांगलं वागतो ते बरंचसं आपोआप, लाज वाटते म्हणून, कीव येते म्हणून. या पोराकडे ते आतून आलेलं काहीच नाही. त्याला प्रत्येक वेळी ठरवावं लागतं. मला तरी तो त्या गावातला सगळ्यात नीतिमान माणूस वाटला.

हे मी इतक्या पोटतिडकीने का लिहितोय तेही सांगतो. आमच्या वर्गात एक मुलगा होता. सातवीत असताना त्याचे वडील गेले. तो तिसऱ्या दिवशी शाळेत आला, डबा खाल्ला, गणितं सोडवली. रडला नाही. आठवड्याभरात त्याचं नाव 'दगड' पडलं, आणि एका बाईंनी आमच्यातल्या दोघांना बाजूला घेऊन सांगितलं की त्याच्यापासून जरा जपून राहा. मी बाक बदलला. त्याने कधी कुणाला बोटही लावलं नव्हतं. आईच्या कामाच्या टेबलाशी कोरड्या डोळ्यांनी उभा असलेला जॉन पाहिला तेव्हा मला तो बाक आठवला.

आता राक्षस. तुम्ही त्याला 'पळवाट' म्हटलंत आणि बरेच जण तेच म्हणतात. मला मात्र तो या गोष्टीचा कणा वाटतो. खुनी निघतो समोरच्या घरातला म्हातारा क्रॉली. 'बॅक टू द फ्यूचर'मधला डॉक म्हणून ज्याला आपण ओळखतो तो ख्रिस्तोफर लॉइड, तेव्हा पंचाहत्तरी ओलांडलेला. गोठलेल्या तळ्यावर तो एका अनोळखी माणसाबरोबर मासे धरायला जातो, म्हाताऱ्याला धोका आहे असं वाटून जॉन मागोमाग जातो, आणि पाहतो ते भलतंच. क्रॉली माणूसच नाही. त्याचं उसनं शरीर झिजत चाललंय, म्हणून तो दुसऱ्यांचे अवयव घेतो. पण कशासाठी? बायकोसाठी. तिच्याबरोबर आणखी थोडं जगता यावं म्हणून. घरी तो तिची अशी काळजी घेतो की पाहताना गलबलून येतं.

म्हणजे मांडणी पाहा. ज्याला जीव तोडून प्रेम करता येतं तो माणसं मारतो, आणि ज्याला प्रेम म्हणजे काय हेच कळत नाही तो स्वतःला आवरतो. खुनी जर साधा विकृत माणूस असता, तर तुमचा आक्षेप खरा ठरला असता. दोन बिघडलेली डोकी, एक लहान, एक मोठं, आणि धाकटं उद्या थोरल्यासारखं होणार, एवढंच उरलं असतं. राक्षस असल्यामुळे ती साखळी तुटते. खून हा 'आजारी' मुलाच्या वाटेवरचा पुढचा थांबा राहत नाही. आणि तो अचानकही येत नाही. खुनांच्या जागी सापडणारा तो काळा, तेलकट चिखल सुरुवातीपासून आपल्यासमोर आहे. आपण तो नजरेआड करतो, कारण आपलं सगळं लक्ष पोराकडे असतं.

शेवटची झटापट फ्युनरल होममध्येच होते, आणि हत्यार असतं एम्बामिंगचा पंप. ज्यांनी ते काम पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: धमनीतून औषधी द्रव आत सोडतात आणि शिरेतून रक्त बाहेर काढतात, म्हणजे देह काही दिवस टिकतो. आईच्या बाजूला उभं राहून शिकलेलं हे काम जॉन जिवंत राहण्यासाठी वापरतो, आणि या वेळी आई त्याच्या बरोबर असते. मृतदेहांच्या संगतीत पोरगा बिघडेल असं ज्या घराबद्दल सगळ्यांना वाटतं, त्याच घरातलं काम त्याला तारतं.

सिनेमाच्या संथपणाबद्दल एवढंच म्हणेन की तो मला आवडला. बिली ओब्रायन हा आयरिश दिग्दर्शक. त्याच्या आधीच्या 'आयसोलेशन'मध्येही (२००५) चिखल, गोठा आणि हिवाळाच भीती घालतात. हा सिनेमा त्याने मिनेसोटातल्या लोखंडाच्या खाणींच्या पट्ट्यात, व्हर्जिनिया नावाच्या गावाच्या आसपास चित्रित केला, आणि छायाचित्रकार रॉबी रायनने तो १६ मिलिमीटरच्या फिल्मवर टिपला. त्या दाणेदार चित्रात बर्फ मळका दिसतो, चेहरे थकलेले दिसतात. थोड्या पैशांत केलेल्या कामाचा हा गुण आहे. चकचकीत कॅमेऱ्यातून तो राक्षस मला खोटा वाटला असता.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न: 'स्वतःच्या घरातल्या मुलाला दाखवाल का?' माझी पुतणी पंधरा वर्षांची आहे. दाखवीन, पण एकटीला लावून देणार नाही. शेजारी बसेन, मृतदेहांची दृश्यं येतील हे आधी सांगेन, आणि नको म्हणाली तर बंद करेन.

तुम्ही लिहिलंय की तुमच्या वर्गातला एक मुलगा वहीच्या मागच्या पानांवर सुरे काढतो आणि हा लेख वाचून तुम्हाला त्याची काळजी वाटली. जॉनही शाळेत सिरियल किलरवर निबंध लिहितो आणि आईला बोलावणं येतं. त्या खोलीत सगळे त्याच्याबद्दल बोलतात. त्याच्याशी बोलतो तो त्याचा समुपदेशक, डॉक्टर नेब्लिन. तो जॉनचे नियम हसण्यावारी नेत नाही, घाबरूनही जात नाही. त्या दोघांचे प्रसंग पुन्हा एकदा पाहाल का? आणि त्या मुलाशी बोलणं झालं, तर कसं झालं ते इथे किंवा मला मेलवर जरूर कळवा. मी वाट पाहतोय.