‘अंतराळात हाडांना आराम’ म्हणे!

कोल्हापुरातल्या तालमी-मंडळांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज जोरात फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: अंतराळात गुरुत्वाकर्षण शून्य, त्यामुळे हाडं झिजत नाहीत, माणूस उंच आणि तरुण होऊन परततो. सुनीता विल्यम्स यांना स्ट्रेचरवरून नेलं, कारण वर त्यांचा व्यायाम बंद होता. आणि तिथे जायला पैलवानी शरीर लागतं, चष्मा चालत नाही. शेवटी ‘शंभर जणांना पाठवा’. पाठवणाऱ्या एकाने तरी आधी तपासायचं होतं.

‘गुरुत्वाकर्षण शून्य’ हे आधी उरकतो. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटरवर फिरतं. तिथे गुरुत्वाकर्षण इथल्या जवळजवळ ९० टक्के असतं. स्थानक आणि आतली माणसं एकत्रच पृथ्वीकडे पडत असतात; ताशी सुमारे २८,००० किलोमीटर वेग असल्यामुळे जमिनीला मात्र कधी टेकत नाहीत. म्हणून वजन जाणवत नाही, एवढंच.

‘हाडं झिजत नाहीत’ हा मात्र घातक भाग. ओळखीतले एक काका गुडघेदुखीला वैतागून, हाच मेसेज दाखवत, रंकाळ्यावरचं सकाळचं फिरणं सोडायला निघालेत. म्हणतात, वजनच पडलं नाही तर हाड झिजेल कशानं? नेमकं उलटं आहे, काका. हाड जिवंत असतं. त्यात जुनं हाड पोखरणाऱ्या पेशी असतात आणि नवं रचणाऱ्याही. भार पडत राहिला तर रचणाऱ्यांचं काम चालू राहतं. भार गेला की पोखरणाऱ्यांचं पारडं जड होतं. पुरेसा व्यायाम नसेल तर अंतराळात कंबर आणि मांडीच्या हाडातून महिन्याला १ ते १.५ टक्के खनिज जातं. पाळी गेल्यानंतर बाईच्या हाडांची साधारण एवढी झीज व्हायला वर्ष लागतं. सुटलेलं कॅल्शियम लघवीवाटे जातं, म्हणजे मूतखड्याचा धोका वेगळाच. स्नायूंचंही तेच. तालीम सोडलेल्या पैलवानाच्या मांड्या कशा उतरतात ते गंगावेशीत कुणालाही विचारा. अंतराळात हाडंही सोबत उतरतात.

म्हणून स्थानकावर रोज दोन-अडीच तास व्यायामासाठी राखलेले असतात. वर लोखंडी वजनं नुसती तरंगतील, त्यामुळे निर्वात सिलिंडरच्या जोरावर सुमारे २७० किलोपर्यंत भार देणारं यंत्र आहे. त्यावर बैठका मारायच्या, आणि ट्रेडमिलवर पट्ट्यांनी स्वतःला खाली ओढून धरत पळायचं. हा आराम असेल तर आखाड्यातल्या जोर-बैठकांनाही आरामच म्हणावं लागेल.

‘उंच होतात’ हे खरं आहे, अर्धं. मणक्यांवरचा दाब जाऊन पाठीचा कणा ताणला जातो, उंची ३ टक्क्यांपर्यंत वाढू शकते. पण त्यातून पाठ दुखते, परतल्यावर चकती सरकण्याचा धोका वाढतो, आणि उंची पूर्वीवर येते ती येतेच.

‘तरुण’ हा शोध कुठून आला असावा, ते कळतं. अंतराळवीर स्कॉट केली २०१५-१६ मध्ये ३४० दिवस वर होते आणि त्यांचे जुळे भाऊ मार्क जमिनीवर. दोघांची तुलना झाली तेव्हा स्कॉट यांच्या गुणसूत्रांची टोकं, जी एरवी वयाबरोबर आखडत जातात, ती वर असताना लांबलेली दिसली. बातम्या तिथेच थांबल्या. परतताच ती झपाट्याने आखडली, आणि फारच आखूड टोकांचं प्रमाण आधीपेक्षा वाढलं. सापेक्षतेच्या हिशोबाने वय खरंच कमी वाढतं, पण सहा महिन्यांत सुमारे ०.००५ सेकंद! त्या बदल्यात किरणोत्सर्ग इथल्यापेक्षा कितीतरी जास्त. शिवाय रक्त-पाणी डोक्याकडे चढून चेहरा सुजतो. २०१९ च्या एका अभ्यासात तर तपासलेल्या ११ अंतराळवीरांपैकी ६ जणांच्या मानेच्या शिरेत रक्त साचलेलं किंवा उलटं वाहताना आढळलं.

स्ट्रेचरबद्दल जास्त लिहीत नाही. दीर्घ मुक्कामाहून येणाऱ्यांना बाहेर काढण्याची ती नेहमीची खबरदारी आहे, कारण तोल सांभाळणारी कानातली यंत्रणा गोंधळलेली असते आणि उभं राहताच रक्तदाब पडून चक्कर येऊ शकते. सुनीता विल्यम्स २८६ दिवसांनी मार्च २०२५ मध्ये परतल्या. व्यायाम बंद म्हणता? याच बाईंनी २००७ मध्ये स्थानकाच्या ट्रेडमिलवर बोस्टन मॅरेथॉन पूर्ण केली होती.

राहिलं पैलवानी शरीर. नासा छाती-दंड मोजत बसत नाही. यानात आणि पोशाखात मावेल अशी उंची, आटोक्यातला रक्तदाब, कडक वैद्यकीय तपासणी पार करणं, असं पाहते. अंतराळवीर डॉन पेटिट २२० दिवस राहून एप्रिल २०२५ मध्ये उतरले, त्या दिवशी त्यांनी सत्तरी गाठली होती. आणि चष्मा? चष्म्याने नजर पूर्ण सुधारत असली तर चालतो. वर गेल्यावर काहींचं डोळ्यामागचं मज्जातंतूचं टोक सुजतं, डोळ्याचा गोल मागून चपटा होतो आणि जवळचं दिसेनासं होतं. त्यामुळे नासाच चाळिशीपुढच्या अंतराळवीरांबरोबर जास्तीच्या नंबरचे चष्मे बांधून देते.