निपाणीकरांना उत्तर : गोळी स्वस्त झाली की खेळ वाढेल का?

निपाणीकर दादा, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की बेळगाव भागात पेंटबॉल, म्हणजे गनने एकमेकांवर रंगाच्या गोळ्या झाडायचा खेळ, वाढत नाही कारण मैदानवाले गोळीला दुप्पट-तिप्पट पैसे घेतात, बाहेरून आणलेल्या गोळ्या चालू देत नाहीत, आणि मी मागच्या लेखात त्यांचीच बाजू घेतली. रागाने लिहिलंय पण मुद्द्याचं लिहिलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

एक गोष्ट तुमची शंभर टक्के बरोबर आहे. पोस्टरवर लहान आकडा टाकायचा, त्यात मोजक्याच गोळ्या द्यायच्या आणि त्या संपल्या की पुढच्या गोळ्यांचा दर वेगळाच सांगायचा, हे चूक आहे. कॉलेजची पोरं पैसे मोजून आणतात, त्यांना मधेच असं अडवलं की ती परत येत नाहीत. सगळे दर गेटवरच लिहा, असं मी मैदानवाल्यांना तोंडावर सांगितलंय आणि पुढेही सांगणार.

पण गोळीच्या दरात नुसती गोळी नसते की हो. भाड्याची गन, मास्क, गनच्या टाकीत हवा भरणं, रेफ्री, जाळ्या, पावसाळ्यात बंद पडलेल्या जागेचं भाडं, सगळं त्या गोळीतूनच निघतं. समजा गोळी ५ रुपयांना आहे, तर नवा पोरगा दिवसभरात १०० गोळ्यांचे ५०० देतो आणि हजार गोळ्या झाडणारा ५,०००. आता हा हजारवाला आपला गोळ्यांचा खोका घरून घेऊन आला तर बाकीचा खर्च प्रवेश फीवर चढणार आणि ती फी दोघांना सारखीच, म्हणजे जास्त झाडणाऱ्याचा भार कमी झाडणाऱ्याने उचलायचा. मला हे पटत नाही.

दुसरं म्हणजे ही गोळी नाजूक असते. साधारण १७ मिलिमीटरची, बाहेर जिलेटिनचं कवच, आत पॉलिइथिलीन ग्लायकॉल आणि रंग, म्हणजे औषधाच्या मऊ कॅप्सूलसारखंच काम. जिलेटिनला दमट हवा सोसत नाही, आणि आपल्या खानापूर-जांबोटीकडचा पाऊस काय असतो ते तुम्हाला सांगायला नको. एका ग्रुपने ऑनलाइन स्वस्तात खोका मागवला आणि जूनपासून माळ्यावर ठेवला. गणपतीनंतर उघडला तर गोळ्या एकमेकींना चिकटलेल्या, खालच्या थरातल्या एका बाजूने चपट्या, दाबलं तर रबरासारख्या. फुगलेल्या होत्या त्या गनच्या नळीतच (बॅरलमध्ये) फुटल्या, आत रंग साचला आणि पुढची प्रत्येक गोळी वाकडी जायला लागली, मऊ पडलेल्या अंगावर न फुटता नुसत्या आपटत होत्या आणि त्या जास्त लागतात. त्यातच एका पोराच्या मास्कवर वाफ धरली, काच साधी एकेरी होती, आणि त्याने पुसायला मास्क कपाळावर ढकलला. समोरून खेळ चालूच होता. मी शिट्टी विसरून नुसता ओरडत धावलो. गोळी ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास वेगाने सुटते दादा, डोळा जातो. त्या दिवशी काही झालं नाही, पण तो पोरगा पुन्हा आलेला नाही.

म्हणून मला विचाराल तर आधी वाफ न धरणारी दुहेरी काच स्वस्त आणि सहज मिळायला हवी, गोळीचं त्यानंतर बघू. ही काच इथे दुकानात मिळत नाही, बाहेरून मागवावी लागते, म्हणून मैदानवाले ओरखडे पडलेलीच वापरत राहतात. याउलट गनच्या टाकीची ओ-रिंग बघा, म्हणजे हवा गळू नये म्हणून लावतात ती गोल रिंग. ती पण बाहेरून मागवायची असा आधी सगळ्यांचा समज होता. मी जुनी रिंग खिशात घालून बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक भागात हायड्रॉलिक सीलच्या दुकानात गेलो, त्यांनी माप घेऊन तशीच पॉलियुरेथेनची दिली, आणि कार्बन डायऑक्साइडच्या टाकीला साध्या रबरापेक्षा तीच जास्त टिकते. एका रिंगसाठी गन महिनाभर पडून राहायची ते थांबलं.

आणि गोळी फार स्वस्त झाली की खेळ वाढतोच असंही नाही. पहिला खेळ अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमध्ये १९८१ च्या जूनमध्ये झाला, १२ जण, झाडांवर खुणा करायच्या गन, प्रत्येक गोळीला हाताने बोल्ट ओढायचा. जो जिंकला त्याने एकही गोळी न झाडता झेंडे गोळा केले! पुढे इलेक्ट्रॉनिक गन आल्या, सेकंदाला दहा-पंधरा गोळ्या सुटायला लागल्या, आणि पहिल्यांदा आलेल्या माणसाला आडोशातून डोकं काढता येईना. माझ्या डोळ्यांसमोर असाच एक नवखा दंडावर सात-आठ निळे डाग घेऊन गेला, त्याच्यावर झाडणाऱ्याकडे गोळ्या भरपूर होत्या एवढंच.

तर माझं मागणं असं आहे. महिन्यातला एक रविवार सगळ्यांना मोजून सारख्याच गोळ्या, नव्या-जुन्याला एकच नियम, प्रत्येक गोळीला हाताने पंप मारायच्या गन असतील तर उत्तम. आणि २,००० गोळ्यांचा खोका पावसाळा संपल्यावर निपाणी, चिकोडी, बेळगावच्या पोरांनी मिळून मागवायचा, मैदानावरच ठेवायचा आणि महिन्याभरात संपवायचा. वाहतुकीचा खर्च वाटला जाईल, माल ताजा राहील, आणि मैदानवाल्यांशी दराचं बोलायला आपल्या हातात काहीतरी असेल. तुमच्याकडचे किती जण येतील ते कळवा, दिवाळीआधी बोलणी करायला मी येतो, तुम्ही पण चला.