विमानतळ हवाच, पण पाणी कुठून जाणार तेही सांगा

नमस्कार,

बेळगावच्या सांबरा विमानतळावरच्या माझ्या मागच्या लेखाखाली तुम्ही सविस्तर लिहिलंत. रागानं लिहिलंत, तरी मुद्द्याला धरून लिहिलंत, म्हणून दोन ओळींत न उरकता नीट उत्तर देते.

विस्ताराच्या कामावर आसपासच्या गावांची देखरेख असावी, त्यासाठी गावकऱ्यांची समिती असावी आणि कागदपत्रं मराठीतही मिळावीत, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचे आक्षेप थोडक्यात असे: कोल्हापूर आणि हुबळी पुढं निघाली आणि आपण समित्या मागत बसलो; खासदारांची सल्लागार समिती आहेच; पाणी, आवाज, पर्यावरण हे तांत्रिक विषय शेतकऱ्याला कळणारे नाहीत; भाषेचा वाद इथं आणायचं कारण नव्हतं. आणि शेवटी विचारलंत, पक्ष्यांमुळं विमानाला धोका होतो म्हणता, मग त्या पक्ष्यांना बोलावणारा कचरा टाकतं कोण? गावंच ना?

या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तिथं तुम्ही बरोबर आहात. मागच्या लेखात मी ही बाजू लिहिलीच नाही, ती लिहायला हवी होती. विमान नियम 1937 मधला 91 वा नियम सांगतो की विमानतळाच्या संदर्भबिंदूपासून, म्हणजे साधारण मध्यापासून, 10 किलोमीटरच्या आत पक्षी-जनावरं गोळा होतील असा कचरा टाकायचा नाही आणि जनावरं कापायची-सोलायची नाहीत. 10 किलोमीटर म्हणजे मुतगे, निलजी, बाळेकुंद्री, मोदगे सगळीच गावं आली, शहराचाही काही भाग आला. आमच्याकडं कोंबड्यांची पिसं आणि आतडी पोत्यात भरून रात्री ओढ्यात टाकली जातात, हे मी स्वतः पाहिलंय. सकाळी तिथं घारी आणि कुत्री.

पण हे थांबवणार कोण? नियमाचा फलक लावून ते थांबलेलं नाही. ज्या दिवशी गावातली माणसं समितीत बसतील आणि घारी कुठून उठतात हे त्यांनाच सांगावं लागेल, त्या दिवशी पोतं टाकणाऱ्याला शेजारीच अडवेल. गावानं विमानतळावर नजर ठेवायची म्हणजे गावानं स्वतःवरही ठेवायची. तुमचा आक्षेप माझ्या मागणीच्या विरोधात जात नाही, तो ती मागणी जास्त पक्की करतो.

आता कोल्हापूर-हुबळी. तुमच्याइतकंच मलाही हे विमानतळ मोठं झालेलं हवंय. दुसऱ्या महायुद्धात, 1942 साली, ब्रिटिश वायुदलानं ही धावपट्टी बांधली. वायुसेनेच्या प्रशिक्षण केंद्राची शिस्त आणि विमानांचा आवाज ऐकतच आमच्या दोन पिढ्या वाढल्या. धावपट्टी 1830 मीटरवरून 2300 मीटर झाली, सप्टेंबर 2017 मध्ये नवं टर्मिनल उघडलं, तेव्हा बघायला गेलेल्यांत मीही होते. 10 मार्च 2024 रोजी पंतप्रधानांनी कोल्हापूरच्या टर्मिनलचं उद्घाटन केलं आणि त्याच कार्यक्रमात बेळगाव आणि हुबळीच्या नव्या टर्मिनलची पायाभरणी केली. आजारी माणसाला मुंबईला न्यायचं असो की मुलाला नोकरीच्या मुलाखतीला पाठवायचं असो, विमानाची गरज मला शिकवावी लागत नाही.

देखरेख मागितली की काम अडतं, हे मात्र मला मान्य नाही, आणि त्याचा दाखला घाट उतरला की समोरच आहे. मोपा, गोव्यातलं नवं विमानतळ. तिथले नागरिक पर्यावरण मंजुरीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. अर्जातच माहिती अपुरी होती; किती झाडं तोडावी लागणार याचा नीट उल्लेखच नव्हता, आसपासच्या जंगलांची आणि संवेदनशील भागांची माहितीही दिलेली नव्हती. मार्च 2019 मध्ये न्यायालयानं मंजुरी स्थगित केली आणि केंद्राच्या तज्ज्ञ समितीला पुन्हा विचार करायला लावलं. जानेवारी 2020 मध्ये स्थगिती उठली, जादा अटी आल्या, आणि त्या पाळल्या जातात का हे बघायचं काम नागपूरच्या 'नीरी' या पर्यावरण संशोधन संस्थेकडं दिलं गेलं. जानेवारी 2023 पासून तिथून विमानं उडताहेत. तुम्हीही कदाचित गेला असाल.

म्हणजे विमानतळ झालं. जवळजवळ दहा महिने गेले ते नागरिकांनी प्रश्न विचारला म्हणून नव्हे. जी माहिती पहिल्याच दिवशी कागदावर यायला हवी होती ती आली नव्हती, म्हणून गेले. तिथल्या गावांना तो अर्ज आधीच समजेल अशा भाषेत वाचायला मिळाला असता, तर झाडांचा प्रश्न दिल्लीत निघाला नसता, जागेवरच निघाला असता.

सल्लागार समितीबद्दल. ती आहे, खासदार तिचे अध्यक्ष असतात, मी नाकारत नाही. पण तिचा मुख्य विषय प्रवाशांच्या सोयी हा असतो. पार्किंग, टॅक्सी, नव्या मार्गांची मागणी. ते व्हायलाच हवं. पण कुंपणाबाहेरच्या बांधावर उभं राहून जो माणूस पाऊस बघतो, त्याला तिथं जागा नाही.

आणि इथंच तुमच्या त्या वाक्याकडं येते, जे मला लागलं. "तांत्रिक गोष्टी शेतकऱ्याला कळत नाहीत."

काही वर्षांपूर्वी आमच्या शिवारातून एक रस्ता गेला. कुठला, कुणी केला, ते सोडून द्या. भराव घालायचं काम चालू असताना माझे वडील तिथल्या सुपरवायझरला म्हणाले, इथं दोन मोऱ्या पाहिजेत, वरच्या तीन शेतांचं पाणी इथंच उतरतं. त्यानं नकाशा दाखवला. नकाशात एकच मोरी होती, म्हणून एकच झाली. पुढच्या पावसाळ्यात आठ दिवस पाणी तुंबलं. सोयाबीन आधी पिवळं पडलं, मग कुजलं. वडिलांना 'कॅचमेंट' हा शब्द माहीत नव्हता. पाणी कुठं उतरतं ते माहीत होतं. दुसऱ्या वर्षी तोच रस्ता फोडून दुसरी मोरी घातली गेली.

आता विमानतळाचा हिशेब मांडू या. तुम्ही सिव्हिल इंजिनीअर आहात, चुकत असेल तर दुरुस्त करा. धावपट्टी 2300 मीटर लांब आणि 45 मीटर रुंद. म्हणजे 1,03,500 चौरस मीटर, साडेपंचवीस एकर. तिच्यावर 50 मिलिमीटर पाऊस पडला तर 5175 घनमीटर, म्हणजे जवळजवळ 52 लाख लिटर पाणी होतं. विमानं धावपट्टीपर्यंत ज्यावरून जातात तो टॅक्सी-वे, विमानं उभी राहायची जागा, टर्मिनलची छपरं, पार्किंग हे यात धरलेलंच नाही. हीच जमीन शेताची होती तेव्हा त्यातलं बरंचसं पाणी मुरायचं आणि उरलेलं बांधाबांधानं सावकाश उतरायचं. डांबरावरचं पाणी थांबत नाही, एकदम गटारात येतं, आणि गटाराचं तोंड जिथं उघडतं तिथल्या शेतात शिरतं.

विस्तारानं अशी पक्की जमीन वाढणार आहे. मग साधे प्रश्न: नव्या कामाचं पावसाचं पाणी कोणत्या बाजूनं, किती रुंदीच्या गटारातून, कोणत्या ओढ्यात सोडणार? तो ओढा कुठं अरुंद होतो ते कुणी चालत जाऊन बघितलंय का? साठवण तळी असतील तर त्यातला गाळ कोण काढणार? बेळगावजवळच्या बळ्ळारी नाल्याकाठच्या शेतकऱ्याला विचारा, नाला साफ न केल्याची किंमत भाताच्या आणि मसुराच्या पोत्यांत कशी मोजतात. ऑगस्ट 2019 चा पाऊस तर कुणीच विसरलेलं नाही.

हे विरोधाचे प्रश्न आहेत का? घर बांधताना शेजाऱ्याला आपण सांगतोच ना, पन्हाळीचं पाणी तुमच्या भिंतीवर येणार नाही म्हणून.

आवाजाबद्दल फार लिहीत नाही. वायुसेनेच्या विमानांची सवय आम्हाला आहे, तुमचं म्हणणं खरं आहे. 2018 मध्ये केंद्रानं विमानतळ परिसरासाठी आवाजाच्या वेगळ्या मर्यादा ठरवल्या, त्यात रात्रीची मर्यादा दिवसापेक्षा कमी आहे. उद्या रात्रीची विमानं वाढली तर गावातल्या शाळेच्या नाहीतर दवाखान्याच्या छपरावर मोजमाप व्हावं आणि आकडे पंचायतीच्या फलकावर लागावेत, एवढंच.

भाषेबद्दल मात्र मागं हटत नाही. मी इथं सीमाप्रश्न काढलेला नाही. कायद्यात काय आहे तेवढं बघा. 2006 च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणं जिथं जनसुनावणी लागते तिथं किमान 30 दिवस आधी नोटीस निघते आणि अहवालाचा सारांश इंग्रजीबरोबर राज्याच्या किंवा स्थानिक भाषेत ठेवला जातो. आपल्याकडं ती भाषा कन्नड धरली जाते. माझ्या वडिलांची सगळी शाळा मराठीत झाली. एका प्रकल्पाची नोटीस पंचायतीत लागली तेव्हा काकांनी तिचा फोटो काढला, शहरात शिकणाऱ्या पुतण्याला पाठवला, त्यानं संध्याकाळी फोनवर वाचून दाखवली, आणि तेव्हा कळलं की हरकत द्यायला तीनच दिवस उरलेत. कन्नडचा राग नाही. आमची मुलं कन्नड शिकतात, बाजारात आणि तालुक्यात बोलतात. पण जमिनीच्या कागदावर अंदाजानं अंगठा उठवायचा नसतो.

संविधानाचं 350 वं कलम सांगतं की गाऱ्हाणं केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत देता येतं. म्हणजे मराठी अर्ज नाकारता येत नाही. माहिती अधिकाराचं तसं नाही, तिथं अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेतच करावा लागतो. विमानतळ प्राधिकरण केंद्राचं आहे, त्याला हिंदीत लिहिता येतं, हे आमच्याकडं कितीजणांना ठाऊक आहे? मंजुरीला आव्हान द्यायचं तर हरित लवादाकडं, म्हणजे पर्यावरणाचे खटले ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाकडं, 30 दिवसांत जावं लागतं, सबळ कारण असेल तर आणखी 60. पुण्यात लवादाचं खंडपीठ आहे, पण आपण कर्नाटकात, आपलं खंडपीठ चेन्नईला. इतक्या कमी दिवसांत पहिला आठवडा भाषांतरातच गेला तर उरतं काय?

तुम्ही लिहिलंत, "बाहेरून बघणाऱ्याला हा सगळा अडथळाच वाटतो." मग बाहेरून बघू नका. पर्यावरण मंजुरी मिळालेल्या प्रकल्पाला दर वर्षी 1 जून आणि 1 डिसेंबरला अटींच्या पालनाचा अहवाल द्यावा लागतो, आणि तो कुणालाही बघता यायला हवा. असे अहवाल वाचून ते आम्हाला मराठीत समजावून सांगणारा माणूस आमच्याकडं नाही. तुम्ही तो होऊ शकता, पुण्यात बसूनही. पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याचा नकाशा मिळावा म्हणून आम्ही अर्ज तयार करतोय. हिंदी मसुदा तुम्हाला पाठवते, तांत्रिक शब्द तपासून द्या.

आणि मे महिन्यात गावी येणार असाल तर आधी कळवा. वडील, दोन-तीन शेजारी आणि मी ओढ्याच्या काठानं कुंपणापासून खाली चालत जाणार आहोत, कुठं किती रुंदी आहे ते टेपनं मोजायला. सकाळी सहाला निघतो, ऊन चढायच्या आत परत येतो. टेप आमच्याकडं तीस मीटरची आहे, तुमच्याकडं लांब असेल तर घेऊन या.