शब्दाला धरून

उत्तराखंडचा समान नागरी कायदा जानेवारी २०२५ मध्ये लागू झाला, त्या आठवड्यात दादाने, म्हणजे माझ्या थोरल्या चुलतभावाने, घरच्या ग्रुपवर हलालाविषयी लांबलचक मजकूर टाकला. खाली त्याचं स्वतःचं वाक्य होतं, "ज्यांचा धर्मच पळवाटांवर उभा आहे, त्यांना सरळ कायदा कसा झेपणार?" मी दोन ओळी लिहिल्या. "तू तिकडचं मीठ खातोस, तू असंच बोलणार," असं म्हणून त्याने विषय मिटवला. माझा काही मिटला नाही. रोज सकाळी अल इत्तिहाद रोडवर शारजातून दुबईकडे सरकताना ते वाक्य पुन्हा वर येतं.

हलाला वाईटच. तलाक दिलेल्या बायकोशी पुन्हा लग्न करता यावं म्हणून तिचं मध्ये दुसऱ्याशी नावापुरतं लग्न लावायचं, यात त्या बाईची विटंबना आहे आणि तिला कुठल्याच ग्रंथाचा आधार देऊन झाकता येत नाही. पण दादा, हे सांगणारा तू पहिला नव्हेस. असं लग्न करणारा आणि ज्याच्यासाठी ते केलं तो, दोघांनाही हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांत, शाप दिलेला आहे. १३२८ साली वारलेल्या इब्न तैमिया या धर्मपंडिताने असलं लग्न मुळात होतच नाही, हे दाखवायला अख्खं पुस्तक लिहिलं. "अमुक झालं तर बायकोला तलाक" अशा शपथांवर त्याने वेगळा फतवा दिला, त्यापायी दमास्कसच्या किल्ल्यात कैदही भोगली. इतक्या जुन्या, घरातल्या घरात चाललेल्या भांडणाची तुला कल्पनाही नाही आणि निकाल मात्र तू दोन ओळींत देतोस, याचा मला राग आहे.

अरबीत अशा युक्तीला हीला म्हणतात, अनेक असल्या की हियल. नवव्या शतकात खस्साफ नावाच्या, हनफी या सुन्नी परंपरेतल्या पंडिताने त्यांवर ग्रंथच लिहिला. व्यवहार अडला तर नियम न मोडता वाट कशी काढायची, याचा तो ग्रंथ. त्याच शतकात बुखारीने आपल्या हदीससंग्रहात हियलचं वेगळं प्रकरण घातलं, ते त्यांच्या विरोधात. त्यात जकातीचा, म्हणजे धर्माने सक्तीच्या केलेल्या दानाचा, दाखला आहे (आपल्या जकातनाक्यावरचा शब्द इथूनच आला). चाळीस मेंढ्या असल्या की एक मेंढी द्यायची. दोन भावांच्या मिळून चाळीस असतील आणि वसुलीचा माणूस येण्याआधी त्यांनी कळप फोडून वीस-वीस केल्या, तर कुणालाच काही द्यावं लागत नाही. म्हणून सांगितलं, जकातीच्या भीतीने एकत्र असलेलं वेगळं करू नका आणि वेगळं असलेलं एकत्र करू नका.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आमच्या माडीवरची लोखंडी ट्रंक आठवली. १९६१ चा सीलिंग कायदा पुढे कडक झाला, जिरायतीला ५४ एकरांची मर्यादा आली, तेव्हा आमच्या आजोबांनी कळप फोडला. ट्रंकेतलं वाटणीपत्र मी हातात घेऊन पाहिलंय. तारीख बरीच मागची, स्टँप पेपर त्या तारखेचा, पण खालची शाई वरच्या शिक्क्यापेक्षा ताजी. एका हिश्श्यावर विधवा आत्याचा अंगठा आहे. आत्याला त्या जमिनीतलं पायलीभर धान्यही कधी मिळालं नाही. दादा आज ज्या विहिरीवर मोटर चालवतो ती विहीर त्याच आत्याच्या हिश्श्यात आहे. घरात याला कुणी पळवाट म्हटल्याचं मला आठवत नाही. "आजोबांनी जमीन वाचवली" असंच आम्ही ऐकत आलो.

मुदतखरेदीचंही तेच. व्याज घेणं निषिद्ध, म्हणून मध्य आशियात आणि पुढे तुर्कांच्या ऑटोमन राज्यात लोक "बै बिल-वफा" करत. घर विकल्याचा कागद करायचा, पैसे परत केले की घर परत, तोवर घेणाऱ्याने वापर घ्यायचा. आमच्या तालुक्यातला कुठलाही शेतकरी हे ऐकून म्हणेल, अहो, ही तर सावकारी खरेदी. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात परतीची अट त्याच दस्तात लिहिलेली असेल तरच तो व्यवहार गहाण ठरतो, म्हणून सावकार ती अट दस्तात येऊच देत नाही, तोंडी ठेवतो. अशी गेलेली जमीन परत मिळवायला महाराष्ट्राला २०१४ च्या सावकारी कायद्यात जिल्हा निबंधकाकडे दाद मागायची सोय करावी लागली. खरेदीखत लिहून देणारा हिंदू, घेणारा हिंदू. तिथे धर्म कुठे शोधायचा?

इथे तरी सगळं स्वच्छ आहे असं मी म्हणत नाही. बाबांच्या ऑपरेशनसाठी मी इथल्या एका इस्लामी बँकेतून साठ हजार दिरहम घेतले. कर्ज नव्हे, तवर्रुक. टॅबलेटवर तीन सह्या. पहिल्या सहीने मी बँकेकडून कुठल्याशा गोदामातलं अॅल्युमिनियम उधारीवर घेतलं, दुसरीने ते विकायचा अधिकार बँकेलाच दिला, तिसरीने हप्ते कबूल केले. आधी खरेदीचा मेसेज आला, मग विक्रीचा, मग पैसे जमा झाल्याचा. चहा गार व्हायच्या आत धातू माझा झाला आणि गेला. आमच्या ऑफिसातल्या सुदानी सहकाऱ्याला सांगितलं तर तो खिन्न झाला. म्हणाला, हे व्याजच आहे, फक्त लांबच्या रस्त्याने आलेलं. आणि तो एकटा नाही. इस्लामी देशांच्या फिक्ह (धर्मशास्त्र) अकादमीने २००९ साली याच शारजात बैठक घेऊन अशा ठरवून केलेल्या तवर्रुकला नाजायज ठरवलं. बँका थांबल्या नाहीत. पण भांडण उघड्यावर आहे, आणि जेवणाच्या सुट्टीत माझ्याशी त्यावर बोलणारा माणूस आहे. आमच्या ट्रंकेबद्दल घरात असं कोण कधी बोललं?

मला हे सगळं दादाला ऐकवायचं होतं. पण लिहायला बसलो की एका कलमापाशी हात थांबतो. ऑटोमन राज्यात १८६९ पासून "मजल्ला" नावाची संहिता तयार झाली. तिचं तिसरं कलम म्हणतं, करारात शब्द आणि रूप धरू नये, हेतू आणि अर्थ धरावा. (त्याच संहितेने बै बिल-वफाही मान्य केला, हेही खरं.) हेतू धरायचा ठरला तर दादाच्या विहिरीआधी माझा पासपोर्ट उघडावा लागतो.

बाबा आजारी पडले तेव्हा मला इथे येऊन चारच वर्षं झाली होती. कंपनीने घरून काम करू दिलं, मी गावी राहिलो. सीएने बजावलं होतं, आर्थिक वर्षात १८२ दिवस भरले की तू भारताचा रहिवासी, मग तिकडचा पगारही इथल्या करात. आल्याचा आणि गेल्याचा दिवस दोन्ही धर. मी कॅलेंडरवर खुणा करत होतो. बाबांच्या खाटेजवळच्या भिंतीवर तेच कॅलेंडर होतं. १४ मार्चला १७६ झाले, हाताशी थोडे दिवस असू द्यावेत म्हणून मी निघालो. २४ ला बाबा गेले. संध्याकाळच्या विमानाने पोचलो. २४, २५, २६, २७, २८. अस्थी सावडून झाल्यावर १८१ झाले आणि मी परत इथे आलो. १ एप्रिलला पहाटे पुन्हा उतरलो, दहाव्याच्या आदल्या दिवशी.

मध्ये तीन दिवस मी शारजाच्या फ्लॅटमध्ये सुतकात एकटा बसून होतो. ऑफिसला गेलो नाही. निघताना आई उंबऱ्यात येऊन म्हणाली होती, "आता कुठे चाललास रे तीन दिवसांसाठी?" मी म्हटलं, "काम आहे." दादा तिच्या मागेच उभा होता. काही न बोलता त्याने माझी बॅग उचलून गाडीत ठेवली.