म्हापशात उणे तीस

काल म्हापशाच्या बाजारात मी पाऊण तास एका जाकिटात अडकून होते. शेवटी ते कापून मला बाहेर काढलं आणि कापलेल्या जाकिटाचे पूर्ण साडेचार हजार माझ्याकडूनच वसूल केले. हे आधीच सांगून ठेवते. पुढे मी हसत हसत लिहीन, पण राग गेलाय असं कुणी समजू नये.

नवरा फेब्रुवारीपासून कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतात, विनिपेगला आहे. मी डिचोलीत विज्ञान शिकवते. शिकवत होते, राजीनामा दिला. दिवाळी झाली की निघायचं, म्हणजे तिथे पोचायचं ऐन नोव्हेंबरात, थंडी दारात उभी असताना. तिकीट त्यानेच काढलं.

आमच्याकडे थंडी मोजायचं यंत्र म्हणजे खोबरेलाची बाटली. खोबरेल चोविसाच्या आसपास थिजतं. डिसेंबरात एखाद्या सकाळी तेल ओतलं आणि पडलं नाही की सासूबाई बाटली उन्हात ठेवतात आणि कपाटातली शाल काढतात. झाला हिवाळा. विनिपेगला जानेवारीत रात्री उणे वीसच्या खाली जाणं नेहमीचं, उणे तीसचंही कुणाला अप्रूप नाही. म्हणजे आमच्या बाटलीपासून चोपन्न अंश खाली! नवऱ्याने तिथला एक तक्ता पाठवला होता. वारा धरून उणे चाळीस ते सत्तेचाळीस भासत असेल तर उघडी कातडी पाच ते दहा मिनिटांत गोठू शकते. खाली त्याने हसरा चेहरा टाकला होता. का, ते त्यालाच ठाऊक. उणे चाळीसला सेल्सिअस आणि फॅरनहाइट एक होतात, एवढीच काय ती माझ्या कामाची माहिती, आणि ती सांगायला आता वर्ग नाही.

तर जाकीट. त्याने बजावलं होतं, "काही घेऊ नकोस, इथे घेऊ." पण विमानतळाच्या दारापासून गाडीपर्यंत काय साडी गुंडाळून जायचं? आमच्या ओळखीत कुणीतरी म्हणालं, म्हापशाला मिळतात. मिळतातच. पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडात स्विंडनला गेलेलं माणूस बार्देशात दर वाड्यावर एक तरी असतं, त्यामुळे शाळेचे गणवेश, छत्र्या आणि रेनकोट यांच्यामागे एका दांडीवर सहा जाकिटं लटकत होती. दुकानदाराची थंडीची कल्पना स्विंडनपाशी संपत होती. "तिथे चालतं, म्हणजे सगळीकडे चालतं."

शुक्रवार होता, बाहेर तेहतीस अंश. मी जाकीट चढवलं, दुकानदाराने मोठ्या प्रेमाने चेन हनुवटीपर्यंत ओढली आणि गळ्याशी आतलं अस्तर चेनमध्ये गेलं. वर नाही, खाली नाही. डोक्यावरून काढावं तर आंबाडा आड. त्याच क्षणी लाईट गेली. पंखा थांबला.

आणि तेव्हा छत्र्यांच्या मागून काका प्रकट झाले.

काका तारवटी. छत्तीस वर्षं बोटीवर, आता निवृत्त, आले होते छत्रीची काडी बदलायला. त्यांनी चेनकडे पाहिलंही नाही. स्टूल ओढून माझ्यासमोर बसले आणि विचारलं, "खंय वता गो बाय?"

"विनिपेग," मी म्हटलं. घाम डोळ्यांत जात होता.

"थंय दर्या आसा?"

"नाही."

"दर्या ना? मागीर तो गांव कसलो!" मग जरा आठवून, "मॅनिटोबा मगो? चर्चिलाक हांव गेल्लों. गहू भरायला." इथून काका मराठीत आले, बहुधा मला नीट कळावं म्हणून. "हडसनच्या उपसागरावर बंदर. उन्हाळ्यातले थोडे महिने बोट जाते, बाकी सगळा बर्फ. तिथे पांढरी अस्वलं गावात येतात. लोक गाड्यांना कुलूप लावत नाहीत. अस्वल मागे लागलं की दिसेल त्या गाडीत घुसायचं. लक्षात ठेव."

"काका, ते चर्चिल. विनिपेगपासून हजार किलोमीटर. विनिपेगला अस्वलं फक्त प्राणिसंग्रहालयात."

"पळय! आसा मगो!" काका दुकानदाराकडे वळले. दुकानदार पकड शोधायचं सोडून मान डोलावत होता.

पुढची वीस मिनिटं माझ्या अंगावर लिहिली आहेत. एकेक बोट सुटं असलेले हातमोजे घ्यायचे नाहीत, चार बोटं एका पिशवीत हवीत. "एकत्र कुटुंबासारखी. वेगळी निघाली की गार पडतात." हे शास्त्राला धरून आहे, नाही म्हणत नाही, पण स्वतःचा मुलगा दुबईत आणि मुलगी पुण्यात असलेल्या माणसाने ते मला, आणि ते मी वाफेवर शिजत असताना, का सांगावं? मग फेणी. झोपताना एक माप. मी म्हटलं, दारूने कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, ऊब वाटते पण आतली उष्णता बाहेर जाते. काकांनी माझ्याकडे अशा दयेने पाहिलं की मी गप्प बसले. तोवर दारात पाच-सहा माणसं जमली होती. एका पोराने आईचा पदर ओढून मला दाखवलं, "आई, नरकासूर!"

चूक नव्हती त्याची. दिवाळी आठवड्यावर, वाड्यावाड्यावर गवत भरून नरकासूर उभे राहतायत, आणि इथे फुगलेले दंड, लाल डोळे, न वाकणारे हात.

कळस पुढेच होता. "तू हे पैसे कशाला घालवतेस?" काका म्हणाले. "वास्कोला हेडलँड सड्यावर अंटार्क्टिकावाल्यांची संस्था आहे. पहिली मोहीम १९८१च्या डिसेंबरात गोव्यातूनच निघाली, मी धक्क्यावर होतो. त्यांच्याकडे कोट असतात. जा, एखादा जुना मागून घे. सांग, नवरा बर्फात आहे."

आता ही संस्था खरी. देशाचं ध्रुवीय संशोधन नारळाच्या झाडांतून चालतं, बर्फाचे नमुनेही तिथे उणे वीसला जपून ठेवतात, आणि मला शाळेची सहल न्यायची होती तिथे. राहून गेली. त्या राहून गेलेल्या सहलीचं मला एकदम इतकं वाईट वाटलं की डोळ्यांतून पाणी आलं. सगळ्यांना वाटलं घाम.

शेवटी दुकानदाराच्या बायकोने कात्री आणली आणि कॉलरपासून खाली सरळ कापलं. मग बिल. "कापायला तुम्हीच सांगितलं." मी कुठे सांगितलं होतं? मी "हवा, हवा" म्हणत होते. भिंतीवर पाटी: विकलेला माल परत घेतला जाणार नाही. हातमोजेही घ्यावे लागले, सुट्या पाच बोटांचे, दुसरे नव्हतेच. काका छत्री घेऊन निघून गेले होते. कुठे जाते हे त्यांनी विचारलं, अस्वलांपर्यंत विचारलं. जायचं आहे का, हे मात्र फेब्रुवारीपासून एकाही माणसाने विचारलेलं नाही.

रात्री नवऱ्याचा फोन. तो खुशीत होता. गाडीला रात्री वायर लावून इंजिन गरम ठेवायची सोय असलेली पार्किंगची जागा मिळाली होती. सासूबाई म्हणाल्या, "म्हैस बांधल्यासारखी?" मग त्याने विचारलं, "कापसाचं नाही ना घेतलंस? कापूस घाम धरून ठेवतो, सुकत नाही, मग अंग गारठतं." मी जाकीट उलटं करून आतली पट्टी वाचली. अस्तर: शंभर टक्के कापूस.

आज सकाळी वाड्यावरची पोरं आली, माझ्याच वर्गातली. दोरीवर जाकीट वाळत होतं. "बाई, तो कोट नरकासुराला देता?"

देत नाही म्हटलं. साडेचार हजारांचा आहे, सासूबाई त्याला बटणं लावून देणार आहेत. पोरं फाटकापर्यंत गेली, तेव्हा त्यांना परत हाक मारली आणि हातमोजे दिले.